डोंगराचं गवत, वाफ्यातलं वांगं

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले, की आबांचे कान पूर्वेच्या वाटेला लागायचे. ओट्यावर तंबाखू मळता मळता त्यांचा हात मध्येच थांबायचा. आम्हा पोरांना काहीच ऐकू यायचं नाही. बऱ्याच वेळानं घोड्याच्या गळ्यातली घंटी, कुत्र्यांचं भुंकणं आणि त्यामागून लांबच्या पावसासारखा सलग आवाज यायचा. तो हजार-दीड हजार खुरांचा आवाज. "आला वाडा," म्हणत आबा पायात वहाणा सरकवून निघायचे. ते घाई करायचे, कारण वाटेवर जो शेतकरी धनगराला आधी गाठेल त्याच्या रानात मेंढरं बसायची. दुसऱ्यानं मग धनगरांचा पुढचा वाडा येईपर्यंत वाट बघायची.

ही १९६० च्या आगेमागेची गोष्ट. आमचं गाव पुरंदर तालुक्यात, कऱ्हेच्या खोऱ्यात. सासवडचा बाजार जवळ, आणि दिवे घाट उतरला की पुण्याची मंडई. घरची सहा एकर जमीन, त्यातली दीड एकर विहिरीखाली. त्या दीड एकरात वांगी, मिरची, घेवडा, वाटाणा, मेथी, कोथिंबीर, जे मंडईत खपेल ते व्हायचं. मी पुढे प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले, पस्तीस वर्षं नोकरी केली आणि निवृत्त होऊन पुन्हा त्याच रानात आले. गेली बारा वर्षं मी तिथं भाजी पिकवते, आणि दरवर्षी एकच गोष्ट कमी पडते. पाणी मिळतं, बी मिळतं, औषधंही मिळतात. खत मिळत नाही. म्हणजे खरं खत, जनावराच्या पोटातून आलेलं.

ते कुठं गेलं, याचा शोध मी घेत राहिले. थोडं आठवणीतून, थोडं पुण्याच्या ग्रंथालयांत बसून, थोडं म्हाताऱ्या माणसांना विचारून. त्यातून जे हाती लागलं ते आधीच सांगते. आपण भाजीच्या खताचा इतिहास गोठ्यात आणि उकिरड्यावर शोधतो, पण तो सुरू होतो गवतापाशी. दीड एकर वांगी पिकवायला किती तरी एकर डोंगर लागत होता. गाय, शेळी, मेंढी ही त्या डोंगराची वाहनं होती. दिवसभर डोंगर पोटात भरायचा आणि रात्री रानात आणून टाकायचा, हे त्यांचं काम. डोंगर बंद झाला आणि वाफा उपाशी राहिला.

आधी ती रात्र सांगते.

आबा धनगराला "पाव्हणं" म्हणायचे. त्यांचा व्यवहार उभ्याउभ्याच व्हायचा. "किती राती बसवता?" "तुम्ही म्हनाल तितक्या, आबा. पर रातीला दोन पायल्या पायजेत." कधी दोन पायल्या बाजरी, कधी ज्वारी, वर मीठ-मिरची आणि चहाला गूळ. रोकड क्वचितच. बाजरी काढून मोकळं झालेलं आणि माघात वांगं लावायचं ठरलेलं रान आबा पावलांनी मोजून दाखवायचे. दिवस कलला की मेंढरं डोंगरावरून उतरायची. धनगर खुंट्या ठोकून वाघर ताणायचा. वाघर म्हणजे जाड दोरीचं विणलेलं जाळं. त्याच्या आत सगळं खांडवं कोंबल्यासारखं दाटीनं बसायचं. ही दाटी मुद्दाम केलेली असायची. मेंढरं ऐसपैस बसली तर लेंड्या विरळ पडतात. दाटीत बसली की लेंडी आणि मूत एकाच जागी पडतं, वरून खुरांनी तुडवलं जातं आणि मातीत जिरतं. दुसऱ्या संध्याकाळी वाघर तेवढ्याच अंतरानं पुढे सरकायची. अशी चार-पाच रात्रींत चादर ओढल्यासारखी सगळ्या रानावरून फिरायची.

मी एकदा हट्ट करून आबांबरोबर रानात झोपले होते. थंडी होती. धनगरीणबाईनं मला घोंगडीत घेतलं. त्या घोंगडीचा वास अजून आठवतो, ओल्या लोकरीचा आणि धुराचा. मध्यरात्री जाग आली तेव्हा चारशे मेंढरं रवंथ करत होती. दाढा चघळण्याचा तो आवाज मी पुन्हा कुठंही ऐकला नाही. सकाळी मेंढरं उठून डोंगराकडे गेली आणि बसलेल्या जागेवरून वाफ निघत होती. आबांनी बैल जुंपून लगेच कुळव फिरवला. मी विचारलं, एवढी घाई कशाला? ते म्हणाले, "उन्हात ठिवलं तर त्याचं सत्व उडून जातंय." त्यांना अमोनिया हा शब्द ठाऊक नव्हता. पण नाकाला झोंबणारा तो वास म्हणजे वाया जाणारं खत, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मेंढरांचं खत आमच्याकडे गाईम्हशींच्या खतापेक्षा वरचं मानत. आजच्या शेतीच्या पुस्तकांतले आकडे तेच सांगतात. साधारण शेणखतात नत्र शंभरात अर्धा भाग असतं, शेळ्यामेंढ्यांच्या लेंडीखतात ते तीनच्या आसपास. वाघरीचा दुसराही फायदा होता. जनावराच्या अंगातून जितकं नत्र बाहेर पडतं त्यातलं निम्म्याच्या आसपास मुतातून जातं. गोठ्यात ते जमिनीत मुरतं नाहीतर मोरीतून वाहून जातं, आणि उकिरड्यावर पोचतं ते नुसतं शेण. रानात बसलेल्या मेंढीचं मात्र फारसं वाया जात नाही.

ही जाण किती जुनी आहे हे मला पुस्तकांनी सांगितलं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त झाडांना फळं-फुलं यावीत म्हणून एक खत सांगितलंय. त्यात शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्यांची पूड आहे, तीळ आहेत, पाणी आहे आणि ते सगळं सात रात्री मुरवून मग झाडाला घालायचं आहे. 'कृषिपराशर' नावाच्या जुन्या संस्कृत ग्रंथात तर खताच्या ढिगाची पूजा सांगितली आहे. माघात चांगला दिवस बघून ढीग पूजायचा, कुदळीनं उकरायचा, उन्हात वाळवायचा आणि फाल्गुनात शेतातल्या खड्ड्यांत घालायचा. खताशिवाय पीक वाढतं पण फळत नाही, असंही तो ग्रंथकार बजावतो. हे वाचलं आणि मला माझी आजी आठवली. दिवाळीत ती घराच्या, गोठ्याच्या पणत्या लावून झाल्या की एक पणती तळहाताच्या आडोशानं सांभाळत उकिरड्यावर नेऊन ठेवायची. आम्ही हसलो तर रागवायची. "तिथनंच घरात येतंय सगळं," म्हणायची. बारा वर्षांनी उकिरड्याचंही दैव फिरतं, ही म्हण लोक निराश माणसाला धीर द्यायला वापरतात. आजीच्या लेखी उकिरड्याचं दैव दरवर्षी फिरत होतं, आणि त्याबरोबर घराचंही.

त्याहून जुना पुरावा दख्खनच्या दक्षिण भागात जमिनीवर उभा आहे. रायचूर, बेल्लारी आणि शेजारच्या तेलंगणात राखेच्या टेकड्या आहेत. कुणी त्यांना ज्वालामुखीची राख म्हणे, कुणी राक्षसांची हाडं. १९५७ मध्ये ऑल्चिन या पुरातत्त्वज्ञानं उतनूरला उत्खनन केलं. तेव्हा स्पष्ट झालं, की सुमारे चार-पाच हजार वर्षांपूर्वी तिथं गुरांचे वाडे होते आणि साठलेलं शेण जाळून ही राख झाली होती. तिथल्या मातीत गुरांच्या खुरांचे ठसेही सापडले. आमच्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या पुरातत्त्वज्ञांनीही पुढे कर्नाटकात बुदिहाळला असंच एक राखेचं टेकाड खणलं. एवढं शेण माणसानं का जाळलं असेल, याची उत्तरं अभ्यासक वेगवेगळी देतात. माझ्या मनात राहिलं ते एवढंच, की शेण जाळायचं की मातीत घालायचं, हा प्रश्न या पठारावर फार जुना आहे.

आमच्या घरातही तो रोज होता. आजी आणि आई यांच्यात भांडण कधी झालं असेल तर ते शेणावरून. आईला चुलीसाठी गवऱ्या हव्या असायच्या, आजीला उकिरड्यासाठी शेण. पावसाळ्याआधी गवऱ्यांचा हुडवा रचला नाही तर चार महिने ओल्या काटक्या फुंकत बसावं लागे. डोळे लाल व्हायचे ते आईचे. म्हणून आजी शेवटी नमतं घ्यायची, पण एक अट घालायची. उन्हाळ्यात शेण चुलीला, पावसाळ्यात सगळं उकिरड्याला. पावसाळ्यात गवऱ्या तशाही वाळत नाहीत, म्हणून ती अट आई मान्य करायची. आमच्या उकिरड्याचं वर्ष असं चुलीच्या सोयीनं ठरत होतं.

हे सारं लिहायचं कारण, इंग्रज सरकारनं १८८९ मध्ये डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाच्या शेती-रसायनतज्ज्ञाला हिंदुस्थानची शेती बघायला बोलावलं. वर्षभर देश फिरून त्यानं लिहिलेला अहवाल १८९३ मध्ये छापला गेला. हिंदी शेतकरी अडाणी आहे, शेण जाळतो, खताचं मोल त्याला कळत नाही, असं तेव्हाचे अनेक साहेब म्हणत. व्होल्करनं ते मान्य केलं नाही. जिथं लाकूड मिळतं तिथं शेतकरी शेण जाळत नाही, शेतालाच घालतो, हे त्यानं जागोजाग पाहिलं होतं. मोल कळत नाही असं नाही, जळण मिळत नाही, असं त्याचं निदान होतं. आणि उपाय म्हणून त्यानं सुचवलं, की गावांजवळ जळणाची आणि चाऱ्याची राखीव रानं वाढवा. खताचा प्रश्न सोडवायला निघालेला माणूस थेट झाडाशी आणि गवताशी जाऊन पोचला होता. मला ते वाचून आईचे लाल डोळे आठवले. माझ्या आईच्या बाजूनं बोलणारा पहिला माणूस मला सत्तर वर्षं आधीच्या अहवालात सापडला.

पण व्होल्करच्या आधी दहा वर्षं हे एका मराठी माणसानं फार तळमळीनं सांगितलं होतं. महात्मा जोतीराव फुल्यांचं घराणं मूळ कटगुणचं, नंतर आमच्याच पुरंदर तालुक्यातल्या खानवडीला आलेलं आणि तिथून पुण्याला गेलेलं. फुलं आणि भाजीपाला हा ज्यांचा धंदा, त्या घरात खत आणि जमीन यांचं ज्ञान बोलण्यातून मुलांच्या कानावर पडत असतं. १८८३ मध्ये लिहून झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकात जोतीराव सांगतात, की पूर्वी ज्याच्याकडे थोडी जमीन होती तो शेतकरी आसपासच्या डोंगरात एखाद-दुसरी गाय, शेळी चारून भागवत असे. सरकारच्या जंगल खात्यानं डोंगर, टेकड्या, गायरानं ताब्यात घेतली आणि त्याच्या जनावरांना फिरायला जागा उरली नाही. १८७८ चा जंगल कायदा तेव्हा नुकताच आला होता. जोतीरावांनी उपायही सांगितलाय. डोंगरउतारावर ताली-बंधारे घाला, म्हणजे पावसाच्या पाण्याबरोबर झाडांचा पाला, गवत, फुलं, मेलेल्या किडामुंग्या आणि जनावरांच्या अंगाचं सत्व वाहून शेतात मुरेल आणि नदीला वाया जाणार नाही. डोंगराचं सत्व शेतात उतरलं पाहिजे, हे एवढ्या स्पष्ट शब्दांत मांडणारं दुसरं पुस्तक माझ्या वाचनात आलेलं नाही. आम्ही शाळेत त्यांचं शिक्षणाचं काम शिकवलं, आणि ते शिकवायलाच हवं. पण माझ्या पस्तीस वर्षांत मी मुलांना त्यांचं हे खतपाण्याचं शहाणपण कधी शिकवलं नाही, कारण मलाच ते ठाऊक नव्हतं. ही चूक मी आता लिहून भरून काढते आहे.

पुण्याची मंडई १८८६ मध्ये नव्या इमारतीत आली. आज तिला फुल्यांचंच नाव आहे. शहर वाढत होतं, भाजीची मागणी वाढत होती आणि भाजी हे खादाड पीक. बाजरीला एखादं वर्ष खत नाही घातलं तरी ती काहीतरी देते. वांगं देत नाही. एका हेक्टरला वीस-पंचवीस टन शेणखत लागतं, असं कृषी विद्यापीठांच्या शिफारशी आजही सांगतात. म्हणजे एकराला आठ-दहा टन. बैलगाडीत अर्धा टन धरला तर सोळा ते वीस गाड्या. एवढं खत आमच्या दोन बैल, एक गाय आणि एका म्हशीच्या गोठ्यातून कधीच निघालं नसतं. ते निघायचं गोठा, शेजाऱ्यांचा गोठा आणि धनगराची मेंढरं मिळून. आणि ती सगळी जनावरं चरायची कुठं? गावच्या गायरानात आणि मागच्या डोंगरावर.

आजीचं शास्त्र इथं थोडं खोलात सांगते, कारण ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. उकिरडा उकलायचा तो अक्षयतृतीयेच्या आसपास. वरचं कोरडं दाताळ्यानं बाजूला सारायचं, तळातलं आधी काढायचं. मग मूठभर खत हातात घेऊन दाबायचं. हात ओला झाला पण पाणी गळलं नाही, वास मातीचा आला आणि काडी कुठं ओळखू आली नाही, तर ते पिकलं. शेणाचा वास आला, काडी तशीच दिसली, तर ते कच्चं. कच्चं खत तिनं आयुष्यात एकदाच घालू दिलं. त्या साली आबा आजारी होते आणि चुलत्यांनी घाईनं अर्धं कच्चं खत वांग्याच्या रानात विस्कटलं. श्रावणात चांगली वाढलेली झाडं एकामागून एक मान टाकू लागली. उपटून पाहिलं तर मुळ्या कुरतडलेल्या आणि मातीत पांढऱ्या, वाकड्या, बोटाएवढ्या अळ्या. हुमणी. कच्च्या खतात ती वाढते. त्या साली आम्ही सासवडच्या बाजारातून वांगी विकत आणून खाल्ली. माळ्याच्या घरात वांगी विकत आणायची पाळी आली, म्हणून आजी दोन दिवस जेवली नव्हती.

कुठल्या भाजीला कसलं खत, हेही तिचं ठरलेलं होतं. वांगं, मिरची, कोबी यांना भरपूर. वाटाण्याला जवळजवळ नाही. "त्याला घातलं तर पालाच करत बसतंय," म्हणायची. वाटाणा हवेतलं नत्र मुळांवरच्या गाठींत स्वतःच धरतो, हे मी पुढे शिकवताना शिकले. मेथी-कोथिंबिरीला दोन वर्षांचं जुनं, चाळलेलं खत, कारण ढेकळाखाली बी गुदमरतं. आणि पानं कच्ची खायची भाजी असेल, तर ताजं शेण वाफ्याच्या जवळपासही नको, हा तिचा दंडक होता. तो स्वच्छतेचा नियम म्हणून ती पाळायची आणि आजचे डॉक्टरही तेच सांगतात.

गावोगावच्या आजीबाईंचं हे ज्ञान शास्त्राच्या भाषेत मांडण्याचं मोठं काम इंदूरला झालं. अल्बर्ट हॉवर्ड १९०५ मध्ये हिंदुस्थानात आले. १९२४ ते १९३१ या काळात त्यांनी इंदूरच्या संस्थेत खत कुजवण्याची जी पद्धत बसवली तिला आजही 'इंदूर पद्धत' म्हणतात. पालापाचोळा, काडीकचरा, शेण, राख आणि गोठ्यातली मुतानं भिजलेली माती यांचे थर द्यायचे, ठरावीक दिवसांनी ढीग वरखाली करायचा आणि साधारण तीन महिन्यांत खत तयार. मुतानं भिजलेली माती जपून वापरायची, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. गोठ्यातून वाया जाणारा निम्मा वाटा त्यांनी परत आणला. १९३१ मध्ये या कामावरचं पुस्तक हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड या दोघांच्या नावानं निघालं. जगभरच्या सेंद्रिय शेतीवाल्यांना हॉवर्ड ठाऊक आहेत. वाड यांचं नाव आपण तरी विसरू नये.

पण या पद्धतीलाही शेण लागत होतंच. आणि शेण देणारी जनावरं आमच्या गावातून ज्या साली गेली ते साल मला स्पष्ट आठवतं, १९७२. दुष्काळात विहिरीनं तळ गाठला, कडबा मिळेना. आबांनी एक बैलजोडी आणि म्हैस बाजारात नेली. ज्या किमतीला विकली ती त्यांनी घरात कधी सांगितली नाही. गावातल्या निम्म्याहून अधिक दावणी त्या वर्षी मोकळ्या झाल्या. माणसं रोजगार हमीच्या खडीवर गेली. पुढे पाऊस आला, विहिरी भरल्या, विजेचे पंप बसले. दावणी मात्र पूर्वीसारख्या भरल्या नाहीत.

त्या मोकळ्या जागेत गोणी आली. ट्रॉम्बेचा खतकारखाना १९६५ मध्ये सुरू झाला होता आणि सत्तरच्या दशकात युरिया आमच्या सोसायटीत मिळू लागला. माझ्या धाकट्या चुलत्यांनी सायकलला बांधून गोणी आणली तो दिवस घरात सणासारखा होता. याबद्दल मी कुणाला दोष देत नाही, आणि का देत नाही ते आकड्यांत सांगते. एकराला दहा टन शेणखत घातलं तर त्यात नत्र साधारण ५० किलो. युरियात नत्र शंभरात ४६ भाग. म्हणजे तेवढंच नत्र त्या वेळच्या ५० किलोच्या सव्वादोन गोण्यांत मावत होतं. एकीकडे वीस बैलगाड्या भरायच्या, ओढायच्या, विस्कटायच्या. दुसरीकडे सायकलच्या दोन-तीन फेऱ्या. आई जन्मभर डोक्यावरून खताच्या पाट्या वाहत आली होती. तिच्या मानेवरचं ओझं उतरलं, याचा मला आजही आनंद आहे.

गोणीत जे मावलं नाही ते कळायला वीस वर्षं गेली. शेणखतात नत्राबरोबर स्फुरद, पालाश, जस्त असतं, आणि त्याहून मोठं म्हणजे मातीला धरून ठेवणारं सेंद्रिय द्रव्य. ते कमी होत गेलं तसं आमचं रान पाणी धरेनासं झालं. पूर्वी आठ दिवसांनी द्यायचं पाणी पाचव्या दिवशी द्यावं लागू लागलं. नांगरल्यावर मोठी ढेकळं निघू लागली. आबा म्हातारपणी रानात जाऊन ढेकूळ हातात घेऊन फोडायचे, फुटायचं नाही, तर तसंच खाली ठेवायचे. काही बोलायचे नाहीत.

या काळात शेण कमी झालं, तशा कमी शेणात खत करण्याच्या युक्त्या निघाल्या. त्यातली सगळ्यात मोठी युक्ती आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदची. नारायण देवताव पांढरीपांडे, ज्यांना सगळे नाडेपकाका म्हणत, त्यांनी विटांचं भोकं ठेवलेलं टाकं बांधून त्यात काडीकचरा आणि माती यांचे थर द्यायची पद्धत शोधली. टाकं भरायला काडीकचरा भरपूर लागतो, पण शेण फक्त साठ ते शंभर किलो. मी निवृत्तीनंतर पहिलं काय केलं असेल तर नाडेपचं टाकं बांधलं, आणि ते आजही चालू आहे. त्या माणसाविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. पण त्या टाक्याकडे बघताना हेही जाणवतं, की खताच्या सगळ्या पद्धतींच्या कहाणीत शेणाचा वाटा पायरीपायरीनं घटत आलाय. आजीच्या उकिरड्यात ते ढिगानं होतं, इंदूरच्या ढिगात एक थर होतं, नाडेपच्या टाक्यात विरजणापुरतं उरलं.

आणि आता ते ट्रॉलीनं विकत येतं. चार वर्षांपूर्वी मी एका व्यापाऱ्याकडून दोन ट्रॉल्या 'जुनं शेणखत' घेतलं. पावसानंतर त्यातून वाळू आणि तळ्याची गाळमाती वेगळी झाली आणि प्लॅस्टिकचे तुकडे वर आले. कोंबडखतही मिळतं, पुणे जिल्ह्यात कुक्कुटपालन खूप आहे. ते तेज असतं, कुजवून बेतानं घातलं तर चांगलंच. पण ताजं घातलं तर रोपं करपतात, आणि त्या कोंबड्यांचं खाद्य कुठल्या तरी दूरच्या शेतातला मका आणि सोयाबीन असतं. आमचा डोंगर त्यात नाही.

म्हणून दोन वर्षांपूर्वी मी आबांचं काम पुन्हा करायचं ठरवलं. आता कान लावून बसावं लागत नाही. ओळखीतून एका वाड्याचा मोबाइल नंबर मिळाला. कार्तिकात दोनशे मेंढरं माझ्या रानात पाच रात्री बसली. पैसे रोख ठरले. वाघर आता नायलॉनची होती. बाकी सगळं तसंच. पहाटेची वाफ तशीच, आणि मी लगेच शेजाऱ्याला सांगून छोट्या ट्रॅक्टरनं कुळवणी केली तेव्हा आबा बांधावर उभे आहेत असं वाटत होतं. त्या वर्षी माघात लावलेली वांगी जूनपर्यंत तोडली. ठिबकच्या नळ्या मेंढरांसाठी गुंडाळून ठेवायला आणि पुन्हा पसरायला चार दिवस गेले. त्या चार दिवसांचं मला काही वाटलं नाही.

पाचव्या सकाळी निघताना वाड्यातली म्हातारी माझ्याजवळ आली. मी मास्तरीण होते हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. "बाई," ती म्हणाली, "रात बसायला समदी जागा देत्यात. दिसा चारायला कुनी देत न्हाई. डोंगुर तारंनं बांधला. ह्या मेंढरांच्या प्वाटात काय बी न्हाई, मग तुमच्या रानात काय पडल?" मी तिला उत्तर देऊ शकले नाही. आमच्या मागच्या डोंगरावर आता बंगल्यांचे प्लॉट आहेत आणि गायरानाचा मोठा भाग वेगवेगळ्या कामांना गेलाय. जोतीराव, व्होल्कर आणि ही म्हातारी, तिघं एकच बोलत होते. मध्ये फक्त सव्वाशे-दीडशे वर्षं गेली होती.

माझ्या जमिनीच्या वरच्या अंगाला अर्ध्या एकराचा मुरमाड तुकडा आहे. तिथं सीताफळं लावायचा विचार होता. तो मी सोडला. गेले दोन पावसाळे तिथं मी पवन्या आणि मारवेलचं बी टाकते आहे आणि दिवाळीपर्यंत त्यावर कुणाचं जनावर सोडत नाही. कुसळी गवत आपलं आपण आलंय. अर्धा एकर म्हणजे दोनशे मेंढरांना फार तर एखाद्या दिवसाचा चारा, हे मला कळतं. पण गावातल्या आणखी तिघींनी आपल्या पडीक तुकड्यांत यंदा गवत राखलंय.

वाड्याचा फोन कालच आला. दिवाळीनंतर येतो म्हणाले. मी सांगितलं, या वेळी आधी वरच्या गवतात या, मग खाली वाफ्यात बसा.